लेकीने गाठोडी सोडली

संस्थेतली माझी नोकरी माझ्या लेकीच्या हाताने गेली. लेक वाईट नाही. तिने सगळं चांगल्या मनाने केलं, आणि तेच मला जास्त लागतं. वाईट मनाने केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मी चौथी शिकलेली. संस्थेत लागले ती झाडायला, पुसायला आणि चहा करायला. घोडेगावात बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. डोंगरातल्या लोकांचे जातीचे दाखले, वनजमिनीचे दावे, रेशनकार्डं, शाळेचे दाखले अशी कामं संस्था करून द्यायची. काम झालं की कागद घरी न्यायचा, पण बरेच लोक नेत नसत. तळेघरच्या वरच्या अंगाला पाऊस असा असतो की भिंतीलासुद्धा शेवाळ धरतं. कागद तिथं एक पावसाळा काढत नाही. पावसातून वाचला तर उंदीर खातात. म्हणून लोक म्हणायचे, राहू द्या तुमच्याकडंच. राहता राहता आतली खोली कागदांनी भरली.

आधी ते कागद फायलींत होते. फायलीवर नाव. पण एकेका वाडीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे सहा-सात बाप्ये. कुणाची फाईल कुणाला दिली जायची. आणि कागद न्यायला यायच्या बाया, त्यांना वाचता यायचं नाही. त्या फडताळापुढे उभ्या राहायच्या आणि ऑफिसातल्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या. तशी उभी राहण्याची सवय मलाही होती, म्हणून ते मला बघवायचं नाही.

मग मी एक केलं. कुणाला विचारलं नाही, कारण विचारायला बोलावं लागतं. कागद ठेवायला जी बाई येईल तिला मी म्हणायचे, तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा आण. त्या तुकड्यात त्या घरचे सगळे कागद बांधायचे. एक चूल, एक गाठोडं. पुढच्या वेळी ती बाई आली की लांबून बोट दाखवायची, ते बघा माझं. तिला नाव वाचायची गरज नव्हती. स्वतःचं लुगडं कोण ओळखत नाही?

दुसरी अडचण लग्न झालेल्या पोरींची. पोरीचे कागद बापाच्या गाठोड्यात. लग्न झालं की तिचं आडनाव बदलतं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, काही घरांत तर तिचं स्वतःचं नावही बदलतात. ती सासरच्या नावाने कागद मागायला आली तर सासरच्या गाठोड्यात तिचं काहीच नसतं. म्हणून मी माहेरच्या कापडाची बोटभर चिंधी फाडून सासरच्या गाठोड्याच्या गाठीत बांधायचे. एखाद्या गाठोड्याला तीन-तीन चिंध्या असायच्या, तीन सुनांच्या. चिंधी बघितली की मला कळायचं, हिचं माहेर कुठल्या कप्प्यात आहे.

हे मी कुणाला कधी समजावून सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. संस्थेचे सेक्रेटरी, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, ते एवढंच म्हणायचे, मावशीला विचारा. डोंगरातून माणूस आला, मावशीला विचारा. तहसीलचा माणूस आला, मावशीला विचारा. आमच्या विहारात बायकांच्या बैठकीत मी भिंतीला टेकून बसते आणि कुणी नाव विचारलं तरी माझा घसा सुकतो. पण त्या खोलीत माझ्यावाचून पान हलत नव्हतं. मी कमी बोलते हे तिथं कुणाला खुपत नव्हतं. हात लांब करून गाठोडं काढून दिलं की झालं. वीस वर्षं मी असं काढून देत होते.

लेक अवसरीला इंजिनिअरिंगला गेली, कॉम्प्युटरची शाखा घेतली. तिथंच होस्टेलला राहायची, रविवारी घरी यायची. एकदा मला न्यायला संस्थेत आली आणि आतली खोली बघून दारातच थांबली.

"आई, एक काडी पडली तर सगळा डोंगर जळेल."

भाऊंनी ते ऐकलं. त्यांच्याही मनात ते होतंच. कुणीतरी त्यांना इंटरनेटवर कागद ठेवायची सोय सांगितली होती, पण गरिबांचे दाखले परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर टाकायला ते तयार नव्हते. लेक म्हणाली, परक्याकडे कशाला, आपल्याच ऑफिसात बसवू. सॉफ्टवेअर फुकट आहे, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल, कागद या खोलीच्या बाहेर जाणार नाहीत. भाऊंच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचित बघितला होता. माझ्याकडे वळून म्हणाले, मावशी, पोरगी हिरा आहे. मला त्या दिवशी अभिमानच वाटला, हे खोटं लिहिणार नाही.

पुढच्या रविवारी तिने कामाला हात घातला. आम्ही कपाटाआड ठेवलेला जुना कॉम्प्युटर तिने टेबलावर घेतला, झाकण काढून धूळ झटकली, खिशातून पेनड्राइव्ह काढून मागे खोचला. कॉम्प्युटर चालू होताना एकच बटण टकटक दाबत राहिली. मग पडद्यावर काहीतरी विचारलं. ती म्हणाली, आधीचं सगळं पुसू का असं विचारतंय. आणि पापणी न लवता तिने हो दाबलं. भाऊंची जुनी पत्रं त्यात होती, ती तिने आधी काढून ठेवली होती म्हणे. तरी मला वाटलं, एवढ्या चटकन सगळं पुसता येतं?

त्यावर तिने लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम घातली. मला वाटलं होतं चित्रं दिसतील. पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी वर पळत होती. लेक एक ओळ टाइप करायची, मुंग्या पळायच्या, थांबायच्या, परत एक ओळ. इंटरनेट तिच्या मोबाइलवरून, आणि रेंज फक्त खिडकीत. मोबाइल उपड्या पेल्यावर खिडकीत ठेवला आणि मला सांगितलं, कुणाला खिडकी लावू देऊ नको. तेवढं एक काम माझ्याकडे होतं. वाऱ्याने कागद उडत होते, ते एका हाताने धरून मी खिडकी उघडी धरून बसले.

जेवताना तिने मला समजावून सांगितलं. ती चांगलं समजावते. म्हणाली, हे एकच सॉफ्टवेअर नाही, चार आहेत. एक कागद सांभाळतं, एक त्यांची नोंदवही ठेवतं, एक अक्षरं वाचतं आणि एक आपल्याला पडद्यावर दाखवतं. प्रत्येक आपापल्या बंद डब्यात. जशी घरात एक पीठ मळते, एक लाटते, एक भाजते. मी म्हटलं, आणि भांडणं?

"भांडतात की. म्हणून तर डबे वेगळे," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

संध्याकाळी तिने पहिला कागद स्कॅन करून आत घातला. वाचणाऱ्या डब्याने जे वाचलं ते बघून ती कपाळाला हात लावून बसली. मराठी दाखल्याचं त्याने इंग्रजी अक्षरांचं कडबोळं केलं होतं. मराठी वाचायचं त्याला वेगळं शिकवावं लागतं, ती फाईल वेगळी घ्यावी लागते. तिने घेतली, डबे बंद करून परत सुरू केले आणि तोच कागद पुन्हा घातला. या वेळी बापाचं नाव, गावाचं नाव नीट उमटलं. तिने प्लग ओढून वीज घालवून बघितली, परत दिली, आणि सगळं आपोआप उभं राहतंय की नाही ते तपासलं. हाताने लिहिलेले कागद मात्र त्याला वाचता येईनात. ती भाऊंना म्हणाली, हे लक्षात ठेवा, हाताचं अक्षर शोधून सापडणार नाही, ते घरावरून शोधायचं. भाऊ म्हणाले, हो हो.

मी तेव्हा कप विसळत होते. भाऊंना वाटलं मला ऐकू येत नाही. त्यांनी लेकीला विचारलं, सगळं आत जायला किती दिवस लागतील. ती म्हणाली, सुट्टीत रोज आले तर दोन महिने. भाऊ म्हणाले, मग ही खोली मोकळी होईल, इथं पोरांसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढू. आणि आवाज थोडा खाली करून म्हणाले, मावशींनाही आता कुठवर राबवायचं, त्यांना आराम पाहिजे.

लेक म्हणाली, "मी तेच म्हणते तिला."

कप माझ्या हातात होता तो मी परत विसळला.

दोन महिने आम्ही मायलेकी शेजारी बसलो. मी गाठोडं सोडायचे, गंजलेल्या टाचण्या काढायचे, घडी पडलेला कागद तळव्याने दाबून सरळ करायचे आणि तिच्या हातात द्यायचे. ती स्कॅनरवर ठेवायची. कागद एका फोल्डरमध्ये पडायचा, सॉफ्टवेअर तो उचलून आत न्यायचं आणि फोल्डर परत रिकामं. ते रिकामं झालेलं बघायची मला सवय लागली. कागद आत गेला की ती विचारायची, कुणाचं घर? मी सांगायचे, अमक्या वाडीतलं, ओढ्याच्या अलीकडचं, म्हाताऱ्याला दोन पोरं, धाकटा वेगळा झाला. ती ते सगळं टाइप करायची. प्रत्येक घराला तिने नंबर दिला, खूण दिली, वाडी दिली. वीस वर्षांत माझ्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं आणि मीही इतकं बोलले नव्हते. बोलायला बरं वाटायचं. घरी जाताना मात्र अंग हलकं हलकं लागायचं, ताप उतरल्यावर लागतं तसं. जे सांगितलं ते माझ्याकडून गेलं होतं.

पासवर्ड तिने दोनच केले. एक भाऊंचा, एक स्वतःचा. मी विचारलं नाही. तिनेच बघितलं की मी बघतेय, आणि म्हणाली, "तुला कशाला आई, तुला सगळं तोंडपाठच आहे."

सुटलेले लुगड्यांचे तुकडे एका कोपऱ्यात साठत गेले. लेक म्हणाली, फरशी पुसायला होतील. कागद प्लास्टिकच्या गोण्यांत भरून माळ्यावर गेले.

एक दिवस तिच्या हातात असं गाठोडं आलं की ज्याच्या गाठीत दोन चिंध्या होत्या, एक हिरवी, एक चौकडीची. तिने त्या बोटावर घेतल्या. पोरगी हुशार. आधीच्या गाठोड्यांनाही होत्या हे तिच्या लक्षात आलं होतं.

"आई, ह्या चिंध्या कशाला बांधल्यात?"

त्या वेळी मी खरं सांगायला पाहिजे होतं. तोंडावर आलंही होतं. पण माझ्या मनात आलं, हे एक गेलं की माझ्याजवळ काय राहिलं? वाड्या दिल्या, घरं दिली, कोण कुणाचा धाकटा ते दिलं. एवढं एक राहू दे. कधी ना कधी हे यंत्र अडेल, आणि भाऊ म्हणतील, मावशीला विचारा.

"असंच," मी म्हटलं. "ओळखायला."

तिने चिंध्या ढिगात टाकल्या आणि पुढचा कागद मागितला.

काम झालं त्या दिवशी संस्थेने छोटा कार्यक्रम केला. लेकीला शाल आणि नारळ दिला. भाऊ भाषणात म्हणाले, हिच्या आईनेही फार मदत केली. मी चहाचं बघत होते. लोकांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या आणि मी आत गेले. माझी नोकरी त्या दिवशी लगेच गेली नाही. खोलीला रंग द्यायचा होता, क्लासची बाकं यायची होती. तोवर मी झाडत, पुसत होते. कागद मागायला कुणी आलं की भाऊ टेबलापाशी बसून नाव टाइप करायचे आणि पहिल्यांदा पहिल्यांदा पडद्यावर दाखला आला की माझ्याकडे बघून हसायचे, जादू केल्यासारखं. छापील दाखले पटापट सापडत होते. मी कपाटं पुसत असायचे. यंत्र अडायची वाट बघत होते, असं लिहिताना लाज वाटते, पण बघत होते.

भात झोडून झालं होतं, त्या दिवसांतल्या एका बाजाराची गोष्ट. तळेघरच्या पलीकडच्या वाडीतली एक सून आली. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली, पंचवीसेक वर्षांची. तिच्या वाडीत अंगणवाडी मदतनीसाची जागा निघाली होती आणि घोडेगावच्या सरकारी ऑफिसात अर्ज द्यायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ शेवटची. तिला शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता. तो तिच्या बापाने लग्नाच्या आधी इथंच ठेवला होता.

भाऊंनी सासरचं नाव टाकलं. त्या घरचं रेशनकार्ड आलं, सासऱ्याचा दावा आला, तिचं काही नाही. मग माहेरचं नाव टाकलं. काहीच नाही. मला माहीत होतं का नाही ते. तिचा दाखला हाताने लिहिलेला, शाळेच्या गुरुजींच्या तिरक्या अक्षरातला. मीच तळव्याने सरळ केला होता. यंत्राला तो वाचता येणार नव्हता, आणि घरावरून शोधायचं हे भाऊ विसरले होते. बापाच्या नावाने त्यांनी शोधलं तर त्याच नावाची रांग आली. एकदोन उघडून बघितल्या, दुसऱ्याच वाडीच्या निघाल्या.

"नाहीये इथं," ते म्हणाले. "असता तर दिसला असता. वडिलांनी परत नेला असेल."

"न्हाई नेला भाऊ. आमचं घर लई गळतं, म्हनून तर हितं ठिवला व्हता."

मी फरशी पुसत होते. तिची नजर माझ्या हातातल्या फडक्यावर गेली. जांभळं, पिवळ्या काठाचं. ती खाली वाकली आणि तिने काठ बोटांत धरला.

"हे तर माझ्या आयचं लुगडं," ती म्हणाली. "फडकं हितं हाय मंजी कागूद बी आसंल की."

भाऊ हसले. चिडून नाही, समजूत घालावी तसे हसले. म्हणाले, अगं, फडकी सगळी इथंच आहेत, पण कागद सगळे आत टाकलेत, एकही सुटला नाही, आणि यंत्र नाही म्हणतंय म्हणजे नाही. दुपारची गाडी चुकवू नको, माहेरी जाऊन बघ.

ती उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता भाऊ म्हणतील, मावशीला विचारा. मी तेवढ्याचीच वाट बघत होते. दोन शब्द. मी फडकं बादलीत पिळलं, फार वेळ पिळलं. माळ्यावर कुठली गोणी ते मला माहीत होतं. भाऊंनी ते दोन शब्द म्हटले नाहीत. पडदा बंद करून ते फोनवर बोलायला लागले. ती पायऱ्या उतरून गेली.

ती गेल्यावर मी बादली बाहेर ओतली. मग फरशी परत पुसली. मग मी शिडी लावून माळ्यावर चढले. तिसऱ्या गोणीत, वरून हातभर खाली, दाखला हाती लागला. शोधायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला. पदराखाली धरून स्टँडवर धावत गेले तर गाडी नुकतीच गेलेली. डिझेलचा वास होता अजून. तिच्या वाडीला फोन लागत नाही हे मला माहीत होतं, तरी मी रसवंतीवाल्याच्या फोनवरून मला पाठ असलेला तिच्या घरचा नंबर दोनदा लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी भाऊंना तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं आणि सकाळची पहिली गाडी धरली. तळेघरला उतरून दीड तास चालले. घर सापडलं. ओटीवर सासू नाचणी पाखडत होती. सून पहाटेच डोंगर ओलांडून माहेरी गेली होती. कागद शोधायला. भाऊंनी सांगितलं होतं ना, वडिलांनी नेला असेल.

मी सासूला दाखला दाखवला. ती म्हणाली, आता हो कसं, कोन जाईल तिकडं? मी कोरा चहा घेतला आणि बसून राहिले. ऊन ओटीवरून सरकत अंगणात गेलं. तिथून घोडेगावला जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ गेली. सासू मधून मधून बोलत होती. ही जागा मिळाली असती तर सुनेला मजुरीला जुन्नरच्या खालच्या अंगाला टोमॅटो तोडायला जावं लागलं नसतं, पोर जवळ राहिलं असतं. हे ती मला दुखवायला सांगत नव्हती. तिला काहीच माहीत नव्हतं.

सून आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले. तिच्या हातात काही नव्हतं. मला बघून ती थांबली, मग माझ्या हातातला कागद बघितला. तिने तो घेतला, वाचला. मला वाटलं विचारेल, कुठं सापडला. तिने तेही विचारलं नाही. तिला समजलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "तुमी तिथंच व्हता."

ती आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने दाखल्याची घडी घातली, आत ठेवून आली आणि मला विचारलं, भाकरी खाणार का. त्या घरी मी ती रात्र काढली. दुसरी कुठली वाट नव्हती. सकाळी ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. सारी वाट पुढे चालत होती, मागे वळली नाही.

रविवारी लेक घरी आली तेव्हा मी तिला चिंध्यांचं सांगितलं. कशी बांधायचे, का बांधायचे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, मी विचारलं होतं तुला. मी म्हटलं, हो. मग तिने लॅपटॉप उघडला.

"बोल. आठवतील तेवढ्या सांग."

चार रविवार मी सांगत होते. ही पोर त्या घरची, दिली या घरी. ही नाव बदलून आलेली, मूळ नाव हे. चिंध्या तर केव्हाच कचऱ्यात गेल्या होत्या, सगळं डोक्यातून. लेकीने संस्थेत जाऊन सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सुनेच्या नावाला माहेरचं घर जोडलं. आता सासरचं नाव टाकलं की माहेरचे कागद शेजारी दिसतात, हाताने लिहिलेलेसुद्धा. चौथ्या रविवारी तिने मला बरोबर नेऊन भाऊंना दाखवलं. त्यांनी चारपाच नावं टाकून बघितली. त्या मदतनीसाच्या जागेवाल्या सुनेचंही नाव टाकलं. दाखला आला.

"अरेच्चा," ते म्हणाले. "हा तर इथंच होता."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, अजून काही राहिलंय का सांगायचं?"

मी नाही म्हटलं. खरंच काही राहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून येऊ नका असं ते तोंडाने म्हणाले नाहीत. म्हणाले, मावशी, क्लास सुरू होतोय, पोरंच आपापली खोली झाडतील, तुम्ही आता दगदग करू नका. मलाही एक शाल दिली. लेकीच्या शालीच्याच जातीची.

ती जागा खालच्या गावच्या एका बाईला मिळाली. डोंगरातली ती सून पुढच्या हंगामात टोमॅटोला गेली, पोर सासूजवळ ठेवून. हे मला बाजारात कळलं. ती स्वतः एकदा भेटली, भाजीच्या पाटीपाशी. बरं हाय का मावशी, म्हणाली. मी मान हलवली. तिने माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं आणि मेथीची जुडी उचलली.

लेकीला त्या दिवसाचं सगळं सांगितलं, एवढं सोडून की मी गप्प का बसले. तिने स्वतःच कारण धरलं. भाऊंना ती म्हणाली, आई बुजरी आहे हो, तिला मध्ये बोलायचं धाडस झालं नसेल. भाऊंनीही मान डोलावली. माझा नवरा तेच म्हणतो, विहारातल्या बायका तेच म्हणतात. जन्मभर मला ज्या बुजरेपणाचा त्रास झाला तो आता सगळे माझ्या बाजूने साक्षीला उभा करतात.

त्या दिवशी मी बुजले नव्हते. माझा घसा सुकला नव्हता. शब्द तोंडात तयार होते, फक्त मला कुणीतरी ते मागावे असं वाटत होतं. ते एकट्या त्या सुनेला माहीत आहे.